लग्नाला साक्ष कोणाची?

जयगडच्या खाडीकाठी लग्न किती माणसांत लावायचं, हे मुलामुलीच्या आईबापांनी आपल्या मर्जीने ठरवलंय असं फार कमी वेळा झालं. बहुतेक वेळा ते समुद्राने ठरवलं, सरकारने ठरवलं, नाहीतर साथीने. मी इथल्या वाड्यांवर भटपण करतो. माझे वडील करत, त्यांचे वडील करत. कोरोनाच्या साथीत, २०२१ च्या वैशाखात, यजमानांच्या हातातल्या परवानगीच्या कागदावर 'जास्तीत जास्त २५' हा आकडा आला तेव्हा सगळी वाडी हबकली. पंचवीस माणसांत लग्न म्हणजे काय लग्न? मला मात्र माझ्या आजीचं लग्न आठवलं. त्यात दोन्ही घरची मिळून पंचवीस माणसं तरी होती की नाही, शंका आहे.

जयगड म्हणजे शास्त्री नदी समुद्राला मिळते तिथलं बंदर. विजापूरकरांनी बांधलेला किल्ला पुढे संगमेश्वरच्या नाइकांकडे गेला, मग आंग्र्यांकडे आला आणि १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतला. समोर पाण्यापलीकडे तवसाळ, म्हणजे गुहागर तालुका. आज फेरीबोटीत गाडी घालून माणूस पलीकडे जातो. माझ्या लहानपणापर्यंत पलीकडची सोयरीक म्हणजे होडीची सोयरीक, आणि होडीत मावेल तेवढंच वऱ्हाड. मुंबईची माणसं आगबोटीने येत. आगबोट बंदरात दूर नांगर टाकून उभी राहायची, पडाव जाऊन उतारू घेऊन यायचा. पावसाळा तोंडावर आला की बंदर बंद. त्यामुळे तुळशीचं लग्न झाल्यापासून वैशाख सरेपर्यंत जे काय उरकायचं ते उरका, असा आमच्याकडचा हिशेब. पंचांगातला चातुर्मास आणि समुद्राचा चातुर्मास यांचं इथे चांगलं जमतं.

आमंत्रणाचीही रीत होती. घरटी एक माणूस की चूलबंद, हे वाडीच्या बैठकीत ठरायचं. चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरची चूल पेटायची नाही, म्हातारीपासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळे मांडवात. तांदूळ चांगला पिकला, मुंबईची मनीऑर्डर वेळेवर आली, तर चूलबंद. नाहीतर घरटी एक. यात कोणाला कमीपणा वाटत नसे, कारण घरटी एक आला तरी प्रत्येक घर आलेलं असायचं.

आणि घर येणं महत्त्वाचं होतं. ते का, हे नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

आमच्याकडे लग्न कुठे लिहून ठेवत नसत. देण्याघेण्याची यादी व्हायची, तीही काम झालं की उंदरांच्या हवाली. मुहूर्ताची चिठ्ठी देवघरात कुंकू लागून पडलेली असायची. मग उद्या जमिनीचा तंटा उभा राहिला, नवरा मुंबईला गिरणीत मेला आणि भाऊबंद म्हणायला लागले की ही याची बायकोच नव्हे, तर पुरावा काय? पुरावा म्हणजे मांडवात जेवलेली माणसं. कोणीतरी पिकल्या मिशांचा म्हातारा गावकीत उठून सांगायचा, "मी स्वता त्या मांडवात पंगतीला बसलोय. जिलबी नव्हती, शिरा होता." झाला निकाल. शिरा आठवतो म्हणजे लग्न झालं. जेवणावळ ही आमची नोंदवही होती. लोक नुसत्या हौसेने माणसं जमवत नव्हते. माणसं जमवणं म्हणजे लग्न नोंदवणं.

म्हणून मोजक्या माणसांत लागलेल्या लग्नाकडे लोक जरा तिरकेच बघतात. गुपचूप उरकलं म्हणजे काहीतरी काळंबेरं असणार, ही कुजबुज वाडीला नवी नाही. साथीच्या काळात ही कुजबुज बंद पडते, पण पुराव्याचा प्रश्न तसाच राहतो.

पहिली मोठी साथ जी आमच्या घरात बोलण्यात असायची ती प्लेगाची. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी रोग ओळखला. बघता बघता जवळजवळ निम्मी मुंबई शहर सोडून पळाली. गिरण्यांत सगळ्यात जास्त माणूस रत्नागिरी जिल्ह्याचा, तेव्हा पळणाऱ्यांचा मोठा लोंढा आमच्याच बंदरांवर उतरला. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोगांचा कायदा केला. माणसाला अडवा, तपासा, वेगळं ठेवा, घर रिकामं करा, असे सगळे अधिकार त्यात आले. पुण्यात त्याची अंमलबजावणी करणाऱ्या रँडचा चापेकरांनी त्याच जूनमध्ये वध केला, तो इतिहास शाळेत सगळ्यांनी वाचलेला आहे. सव्वाशे वर्षांनी, २०२० मध्ये, आमच्या गावात मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांना विलगीकरणासाठी शाळेत ठेवलं गेलं ते याच कायद्याच्या आधाराने. कायदा तोच, शाळा नवी.

त्या प्लेगाने १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई फुल्यांना नेलं. रोग्यांची सेवा करता करता त्या गेल्या. ही गोष्ट मी इथे वेगळ्या कारणासाठी काढतो. जोतीरावांनी सप्टेंबर १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. सावित्रीबाईंचा त्यात पुढाकार होता. खर्च नावापुरता, मानपान नाही, आणि भटजी नाही! आमच्या पोटावर पाय, पण गोष्ट खरी आहे की लग्न लहान करण्याचा विचार आपल्याकडे साथीने आणलेला नाही. तो त्याच्या आधीपासून होता. गंमत अशी की त्या लग्नांवर पहिला हल्ला खर्चावरून झाला नाही. भटजीविना लागलेलं लग्न लागलं म्हणायचं का, आणि लागलं तरी गावच्या जोश्याची दक्षिणा बुडते तिचं काय, यावरून खटले झाले. म्हणजे पुन्हा साक्षीचाच प्रश्न. तो १९२६ मध्ये मिटला. सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात जोशी बिल आणलं आणि न बोलावलेल्या जोश्याला दक्षिणा मागण्याचा हक्क राहिला नाही. माझे आजोबा बोल्यांचं नाव काढलं की पानाची पिचकारी जरा लांब टाकत, एवढं मला आठवतं. मला विचाराल तर बोल्यांचं बरोबर होतं.

आता शास्त्राकडे येतो. अडचणीत लग्न कसं पार पाडायचं याचा विचार आमच्या ग्रंथांनी केलेला आहे, आणि तो करणारा माणूस आमच्याच मुलखातला. धर्मसिंधु हा ग्रंथ काशीनाथ उपाध्ये यांनी १७९० च्या सुमारास पंढरपुरात लिहिला. त्यांचं घराणं मूळ गोळवलीचं, म्हणजे इथून खाडीने वर गेलं की लागणाऱ्या संगमेश्वर तालुक्यातलं. घरात सुतक आलं की मंगलकार्य थांबतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण एकदा नांदीश्राद्ध, म्हणजे कार्याआधी पितरांसाठी करायचा विधी, झाला की मग येणारं सुतक त्या कार्याला अडवत नाही, हे फार जणांना ठाऊक नसतं. आणि अडचण दिसत असेल तर लग्नाचं नांदीश्राद्ध दहा दिवस आधीपर्यंत करून ठेवता येतं. धर्मसिंधूसारख्या ग्रंथांनी हे सरळ सांगितलंय. जुन्या माणसांना ठाऊक होतं की दहा दिवसांत घरातलं कोणीही जाऊ शकतं. देवी होती, पटकी होती, बाळंतपणं होती. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत मी जवळपास प्रत्येक लग्नाचं नांदीश्राद्ध आधी उरकून ठेवलं, आणि एकदा त्याचा उपयोगही झाला.

लोकरीत याच्याही पुढे जाते. घरातलं वडीलधारं गेलं की ठरलेलं कार्य वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. मरणाच्या घरात मुलगी अडकून पडू नये, एवढाच त्याचा अर्थ मला दिसतो. पण साथ येऊन जाते तेव्हा ही रीत काय करते बघा. शंभर घरांत माणसं गेलेली, आणि शंभर घरांत वर्षाच्या आत कार्य. वाजंत्री नको, थाट नको, माणसं नकोत. साथीनंतर लहान लग्नांचं पीक येतं ते असं.

माझ्या आजीचं लग्न त्या पिकातलं. १९१८ च्या जूनमध्ये इन्फ्ल्युएंझा मुंबईत शिरला, पण खरा तडाखा बसला तो भाद्रपद-आश्विनात. देशावर त्याला मानमोडी म्हणत. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत एका दिवसात ७६८ माणसं मेली. सगळ्या हिंदुस्थानात सव्वा कोटीच्या वर गेली असा अंदाज आहे. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली. खानेसुमारीच्या इतिहासात असं दशक तेवढं एकच. त्या आश्विनात आजीचे वडील गेले. आजी बारा वर्षांची, माहेर खाडीपलीकडचं. फाल्गुनात तिला एका होडीतून अलीकडे आणलं. होडीत तिची आई नव्हती, कारण नवं वैधव्य. काका, काकू, मामा आणि धाकटा भाऊ. सनई नाही. भात, वरण, कुयरीची भाजी आणि शेवयांची खीर. "लगीन लागलं आणि ओहोटीच्या आत होडी परत गेली, म्हणून काकूला नीट रडायलाही झालं नाही," असं आजी सांगायची. ती हे सांगताना हसायची. मला लहानपणी तिच्या हसण्याचं कारण कळायचं नाही. अजूनही पुरतं कळलंय असं नाही.

त्या लग्नाचा एकही कागद आमच्या घरात नाही. होडीतले चार आणि मांडवातले वीसेक, एवढीच नोंद, आणि तीही १९७० च्या आसपास संपली. आजोबा गेल्यावर आजीच्या नावावर एक फळबागेचा तुकडा करायचा होता तेव्हा वडिलांना लग्नाच्या पुराव्यासाठी अक्षरशः म्हातारे शोधत फिरावं लागलं. तवसाळच्या बाजूला एक बाई निघाल्या, लहानपणी लग्नाला आलेल्या. त्यांना खीर आठवत होती!

मधल्या काळात लग्नं लहान किंवा घाईची होण्याला आणखी दोन कारणं झाली, ती थोडक्यात सांगतो. सारडा कायदा १ एप्रिल १९३० पासून लागू व्हायचा होता. मुलगी चौदाची आणि मुलगा अठराचा असल्याशिवाय लग्न नाही, असा तो कायदा. त्याच्या आधीच्या महिन्यांत देशभर लग्नांची झुंबड उडाली, मिळेल तो मुहूर्त धरून लोकांनी मुली उजवल्या. दुसरं कारण रेशनिंग. महायुद्धात धान्याचं नियंत्रण आलं, आणि तेव्हापासून पुढे अनेक टंचाईच्या वर्षांत 'गेस्ट कंट्रोल' नावाचा हुकूम असायचा. इतक्याच पाहुण्यांना जेवण घालायचं, जास्त घातलं तर गुन्हा. म्हणजे मांडवात माणसं मोजणारं सरकार २०२० मध्ये पहिल्यांदा आलं असं नव्हे. मोजून घेण्याची सवय आपल्याला होती, आपण ती विसरलो होतो.

विसरलो याला कारण आहे. एसटी आली, आगबोट बंद पडली, १९९८ मध्ये कोकण रेल्वे सुरू झाली, २०१० च्या सुमारास जयगडला मोठं बंदर आणि वीजप्रकल्प उभा राहिला. माणसं नोकरीला लागली, गाड्या आल्या. मांडवाच्या मेढी आणि आंब्याचे टाळ जाऊन कापडी मंडप आला, मग हॉल आला, मग हॉलपुढे डीजे. हळद ही घरातल्या बायकांची गोष्ट होती, ती रात्रभराचा कार्यक्रम झाली. मी काही नाकं मुरडत नाही, मलाही त्यात दक्षिणा बरी मिळते. पण पाचशे पानांचं लग्न ही आमच्याकडची जुनी परंपरा आहे असं कोणी म्हणालं तर ते खोटं आहे. ती एका पिढीची कमाई आहे.

मार्च २०२० मध्ये कोरोनाचा जिल्ह्यातला पहिला रुग्ण गुहागर तालुक्यात सापडला, म्हणजे आमच्या समोरच. आठवड्याभरात टाळेबंदी लागली. फेरीबोट थांबली. चैत्र-वैशाखाचे सगळे मुहूर्त गेले. मे महिन्यापासून ५० माणसांची सवलत आली, पण तोवर चाकरमानी येऊन चौदा दिवसांच्या विलगीकरणात बसले होते आणि ज्याचं लग्न तोच शाळेत अडकलेला असायचा. मग चातुर्मास, त्यात आश्विन अधिक. तुळशीचं लग्न गेलं थेट नोव्हेंबरच्या शेवटी. त्यानंतर जरा श्वास घेतोय तोवर जानेवारीपासून गुरूचा अस्त आणि पाठोपाठ शुक्राचा, तो एप्रिल निम्मा होईपर्यंत. गौणकाळातले मुहूर्त पंचांगात असतात, पण लोक म्हणाले, थांबू. थांबले. आणि चांगले मुहूर्त उगवले तेव्हाच, २२ एप्रिल २०२१ च्या रात्री आठपासून, राज्य सरकारचा नवा आदेश लागू झाला. लग्न एकाच ठिकाणी, एकाच समारंभात, दोन तासांच्या आत, २५ माणसांत. मोडलं तर ५० हजार रुपये दंड. ग्रहांनी आणि मंत्रालयाने एकमेकांना विचारून केल्यासारखं.

त्या वर्षीचं एक लग्न सविस्तर सांगतो. १४ मे २०२१, अक्षय तृतीया. ईदही त्याच दिवशी, त्यामुळे मोहल्ल्यात आणि वाडीत दोन्हीकडे दारं आतून सजलेली आणि रस्ता मात्र सुना. यजमानांच्या अंगणात मंडप. फाटकावर ग्राम कृती दलाचा एक पोरगा वही घेऊन मोजायला उभा. पहिला वाद माझ्यावरूनच झाला. पंचवीस ते भटजी धरून की भटजी सोडून? मुलीचा बाप मला म्हणाला, "भटजीनू, तुमी धरलात तर माजी आत्या बाहेर ऱ्हाते." आत्या ऐंशीची, ती बाहेर कशी राहणार? शेवटी फोटो काढणाऱ्याला कुंपणाबाहेर उभं केलं आणि त्याने आंब्याच्या फांदीवर बसून फोटो काढले. ते फोटो उत्तम आलेत, वरून सगळा बोहला दिसतो.

मुलीला बोहल्यावर आणायचं ते मामाने. मामा विक्रोळीला, ई-पास नाही. शेजारच्याला मामा मानला. लाजाहोमाला भाऊ लागतो, बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालायला. सख्खा भाऊ आदल्या आठवड्यात मुंबईहून आलेला म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेत विलगीकरणात. चुलतभावाने लाह्या घातल्या. पुण्याहवाचन, देवक, नांदी हे सगळं मी आधीच्या दिवसांत घरातल्या घरात उरकून ठेवलं होतं, म्हणून अंगणातलं काम दोन तासांत बसलं. होम पेटवताना बघतो तर वेदीशेजारी सॅनिटायझरची पाच लिटरची बुधली, कोणीतरी कौतुकाने हार घालून ठेवलेली. ती उचलून तुळशीवृंदावनाच्या पलीकडे नेऊन ठेवली आणि मगच अग्नी आणला. स्पिरिट आणि तूप यांचं जमत नाही.

मोबाइल सुतळीने मेढीला बांधला होता, विक्रोळीचा मामा आणि सगळं मुंबईकर गोत त्यात. आमच्याकडे रेंज येते-जाते. मी शेवटचं 'सावधान' म्हटलं, अंतरपाट दूर झाला, माळा घालून झाल्या, आणि मग फोनमधून आवाज आला, "सावधान!" आणि मुंबईत अक्षता पडल्या. सगळे हसले. मामा मात्र तिकडे रडत होता, हे मला नंतर कळलं. लग्न लागल्यावर जेवण पिशव्यांतून दिलं, ज्याचं त्याने घरी जाऊन जेवायचं. पंगत नाहीच. दोन दिवसांनी तौक्ते वादळ किनाऱ्याने वर गेलं, तेव्हा त्या मंडपाचं छप्पर उडालं आणि आंब्याची फांदीही मोडली.

पंगत नाही म्हणजे आमच्या जुन्या हिशेबाने साक्षही नाही. ज्याने घरी जाऊन पिशवीतला पुलाव खाल्ला त्याला पन्नास वर्षांनी काय आठवणार?

या बाबतीत आमच्या शेजारच्या मोहल्ल्यातली माणसं आमच्यापेक्षा शहाणी. निकाहाला मुळात गर्दी लागत नाही. दोघांची कबुली, वकील, दोन साक्षीदार, मेहेरची रक्कम, आणि हे सगळं काझीच्या वहीत लिहायचं. वलीमा नंतरचा. आखातात अडकलेल्या मुलांचे निकाह त्या दोन वर्षांत फोनवर, वकिलामार्फत लागले आणि त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही, कारण बोटीवर आणि आखातात गेलेल्या माणसांसाठी ही वाट त्यांनी पूर्वीच करून ठेवली होती. आपल्याकडेही दूरच्या नवऱ्याशी लग्न लावायची रीत होती, नाही असं नाही. सरदार-राजेरजवाड्यांत नवऱ्याच्या जागी त्याची तलवार पाठवत, ते खांडा लग्न. पण तलवार सही करत नाही.

टाळेबंदीत पळून लग्न करणारेही माझ्याकडे आले. एक जोडपं मागच्या परसातून आलं, मास्क लावलेलं, त्यामुळे मी मुलाला ओळखलंच नाही. घरी दोन्हीकडे विरोध होता, आणि २५ ची मर्यादा म्हणजे त्यांना संधीच वाटत होती. कोणाला बोलवायचंच नाही म्हटल्यावर कोणी का आलं नाही हे विचारणारही कोणी नाही. मी जन्मतारखेचे दाखले मागितले. मुलगी एकोणीसची, मुलगा विसाचा. एकवीस पुरे होईपर्यंत थांब म्हटलं. विशेष विवाह कायद्याची वाटही सांगितली. दोघांपैकी एकाचा जिल्ह्यात तीस दिवस मुक्काम हवा, मग तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. मुलगा चिडून गेला. पुढच्या वर्षी ते नोंदणी पद्धतीने लग्न करून आले आणि पेढे देऊन गेले. पेढे घेताना मी दाखला बघायला मागितला, तर मुलगी म्हणाली, "काका, आता तरी विश्वास ठेवा!"

विश्वासाचा प्रश्नच नाही, प्रश्न साक्षीचा आहे, आणि त्याचं उदाहरण आमच्याच जिल्ह्यात आहे. रत्नागिरीत ब्रह्मदेशचा थिबा राजा १८८६ पासून १९१६ मध्ये मरेपर्यंत नजरकैदेत होता. त्याची दुसरी मुलगी १९१७ च्या सुमारास आईच्या मर्जीविरुद्ध घर सोडून गेली आणि तिने आपल्या पसंतीच्या माणसाशी लग्न केलं. राणीने तिला शेवटपर्यंत जवळ केलं नाही, पण ते लग्न लग्न म्हणून राहिलं. थोरल्या मुलीचं राजवाड्यावरच्या गोपाळ सावंताशी जमलं, त्यांना मुलगी झाली, पण सावंताचं घरी लग्न झालेलं होतं. राजाची ती नात रत्नागिरीतच गरिबीत म्हातारी झाली. कोणाची चूक, हे मी ठरवणारा कोण? पण एकीच्या नात्याला कोणीतरी साक्ष होतं आणि दुसरीच्या नात्याला कोणी नव्हतं, आणि त्याची किंमत पुढच्या पिढीने भरली.

आता कायदा काय म्हणतो ते सांगतो, कारण त्याबद्दल गैरसमज फार. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे ज्या रीतीत सप्तपदी आहे तिथे सातवं पाऊल पडलं की लग्न पुरं झालं. बँड, हळद, हॉल, मंगलाष्टकं यांपैकी कशाचीही कायद्याला गरज नाही. उलट, विधी न करता नुसता दाखला काढून ठेवला तर त्याने लग्न होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्याच न्यायालयाने २००६ मध्ये, १४ फेब्रुवारीला, सगळ्या लग्नांची नोंदणी सक्तीची करा असं राज्यांना सांगितलं होतं. आपल्या राज्यात १९९८ चा कायदा आहे आणि गावात ग्रामपंचायतीतच नोंदणी होते. पाऊल आणि कागद, दोन्ही लागतात. गर्दी लागत नाही.

हे इतकं सोपं असून साथीतल्या कितीतरी लग्नांची नोंद झालेली नाही. परवानगीचा तहसीलचा कागद होता, लोकांना वाटलं तोच दाखला. आता पासपोर्टला नवऱ्याचं नाव घालायचं निघालं, आखातात बायकोला न्यायचं निघालं, की मंडळी माझ्याकडे येतात आणि विचारतात, त्या दिवशी कोण कोण होतं हो? फाटकावरच्या पोराची वही असती तर तीच सगळ्यात चांगली नोंद ठरली असती. ती कुठे गेली कोण जाणे.

एप्रिल २०२२ मध्ये, पाडव्याच्या तोंडावर, राज्याने सगळे निर्बंध उठवले. त्याच वैशाखात जयगडच्या आसपास पुन्हा पाचशे-सातशे पानं उठली आणि डीजेही परत आला. लोक म्हणत होते की आता लग्नं साधीच होणार, ते काही खरं झालं नाही. मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही. माणसांना माणसं हवी असतात, आणि दोन वर्षं घरात कोंडलेल्यांना तर हवीच.

एक मागणं मात्र आहे. २०२० ते २०२२ या काळात ज्यांची लग्नं लागली त्यांनी ग्रामपंचायतीत जाऊन लग्ननोंदणीचा नमुना ड भरावा. उशीर झाला म्हणून थोडा दंड भरावा लागेल, तो भरा. शंभर रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, तीन साक्षीदार लागतात आणि ज्याने लग्न लावलं त्याची सही लागते. मी सत्तरीच्या उंबरठ्यावर आहे, माझी सही हवी असेल तर लवकर या.